एका ताटाचा नेम

डिसेंबर सरत आला, ठाण्यात कोलशेतच्या खाडीवरून गार वारा यायला लागला आणि आमच्या लिफ्टमध्ये यंदाही जिमचं पत्रक लागलं. ‘नवीन वर्ष, नवीन तुम्ही!’ मी ते रोज खाली जाताना वाचते आणि रोज चिडते. नवीन मी कशाला? जुनीचं काय वाईट चाललंय? ऑफिसात मुली एकमेकींना विचारतात, तुझं रिझोल्यूशन काय गं? कोणी साखर सोडणार असते, कोणी पहाटे उठून पळणार असते. मला विचारलं की मी म्हणते, बघू. कारण माझ्या माहेरी हे प्रकरण असं लिफ्टमध्ये उभ्या उभ्या उरकत नाहीत. तिथे एक जानेवारीला आंघोळ करून पाटावर बसावं लागतं.

माहेर म्हणजे डोंबिवली पूर्व. डोंबिवलीत थंडी पडते असं म्हटलं की बदलापूरची माणसं हसतात. हसोत बापडी. पण त्या दिवसांत आमच्या बिल्डिंगखाली सकाळी भाजीवाली ओल्या तुरीच्या शेंगा, ओली हळद, हरभऱ्याच्या गड्ड्या घेऊन बसायची आणि तिच्या अंगात कुणा साहेबाने टाकलेला भलामोठा कोट असायचा. आई गच्चीवर वाळत घातलेल्या गोधड्या संध्याकाळी खाली आणायची, त्यांना उन्हाचा वास यायचा. जानेवारी म्हटलं की मला अजून तो वास आधी येतो, कॅलेंडर नंतर.

तर पाटाचं सांगत होते. आईचं म्हणणं साधं होतं. नुसतं बोलून दाखवतात ती बडबड. संकल्प म्हणजे हातात पाणी घेऊन सोडायचा. इंग्रजी वर्ष असलं म्हणून काय झालं, वर्ष ते वर्ष. मग एक तारखेला आम्ही ओळीने बसायचो. ताम्हनात पाणी, तळहातावर चार अक्षता. पूजेत गुरुजी देश-काल सांगतात ना, ते काम बाबांचं. बाबांना संस्कृत येत नव्हतं आणि त्याची लाजही नव्हती. खणखणीत आवाजात सुरू व्हायचे, “उल्हासनद्याः दक्षिणे तीरे, डोंबिवलीनगरे, पूर्वभागे, द्वितीयमजले...” माझा धाकटा भाऊ निखिल तिथेच फुटायचा. आई डोळे वटारायची आणि स्वतःच हसायची.

संकल्प घेणं सोपं हो. आईची खरी मेख पुढे होती. घेतलेला नेम मोडला तर तो गुपचूप मोडायचा नाही. त्याचं रीतसर उद्यापन करायचं. घरात शिरा व्हायचा, समोरच्या बिऱ्हाडाला बोलावणं जायचं आणि ज्याने मोडला त्याने सगळ्यांसमोर म्हणायचं, “माझ्याच्याने झालं नाही.” मग कोणी टोमणा मारायचा नाही, वर्षभर तो विषय काढायचा नाही. निखिलचं पहाटे पळायचं उद्यापन संक्रांतीच्या आत ठरलेलं. बाबा म्हणायचे, “कार्टा शिऱ्यासाठी नेम धरतो.” पण आज वाटतं, किती शहाणी होती ती रीत. हरलेल्या माणसाला गोड खायला घालून मोकळं करायचं. लिफ्टमधल्या पत्रकात हे कुठे असतं?

समोरच्या बिऱ्हाडात गायकवाड मॅडम. नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. मुलगा, सून, नातू असं भरलेलं घर. एक जानेवारीला त्या भीमा-कोरेगावला जायच्या, त्यामुळे त्यांचा संकल्प दोन तारखेला. पहिल्याच वर्षी आईला त्यांनी सांगून टाकलेलं, “वहिनी, आमच्यात पाणी-अक्षता नाही हां. मी आपलं नुसतं बोलते.” आई म्हणाली, “बोला की. तुमचा शब्द काय कमी आहे?” आणि खरंच, आख्ख्या मजल्यावर शिरा करायची वेळ कधी आली नसेल तर ती मॅडमवर.

त्या दोघींचं नातं म्हणजे डबा. एकीकडून उकडीचे मोदक जायचे, दुसरीकडून शेंगदाण्याची झणझणीत चटणी यायची. रविवारचं सुकट सोडून बाकी सगळं ये-जा करायचं. आणि डबा रिकामा परत करायचा नाही, हे तर कायद्यात लिहिल्यासारखं. घरात काहीच नसलं तर चमचाभर साखर घालून द्यायची, पण रिकामा? छे! शेजारणीच्या हातात रिकामं भांडं ठेवणं म्हणजे तिच्या तोंडावर दार लावण्यासारखंच.

बाबा गेले ती दिवाळी तशीच गेली. कंदील माळ्यावरून खाली आलाच नाही. माणसं येऊन गेली, निखिल हैदराबादला परत गेला आणि आई त्या दोन खोल्यांत एकटी उरली. मी रोज फोन करायचे.

“जेवलीस?”

“झालं की.”

“काय झालं?”

“अगं, दूध-पोळी खाल्ली. एकटीसाठी काय करायचं?”

हे वाक्य! महाराष्ट्रातल्या समस्त बायका हे वाक्य आईच्या पोटातूनच शिकून येतात की काय कोण जाणे. नवरा गावाला गेला, मुलं शिकायला गेली, की आपलं सुरू. माझ्यापुरतं काय करायचं, कालची भाकरी आहे, चहात बुडवून खाते. आईची दूध-पोळी मग दूध-ब्रेड झाली, मग नुसता चहा-टोस्ट. डिसेंबरात एका रविवारी मी गेलेले, तर तिच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या. पदर खोचायला कमरेला धड मांसच राहिलं नव्हतं. फ्रिज उघडला तर आत दुधाचं पातेलं आणि वाळलेलं लिंबू.

माझा आवाज चढला. मी मुळात तापट, आणि घाबरले की आणखीच. म्हटलं, “बास झालं. सामान भर. ठाण्याला चल.” आमच्याकडे तिच्यासाठी खोली तयारच होती. खिडकीतून खाडी दिसणारी. पलंग आणलेला, भिंतीला तिच्या आवडीचा फिका पिवळा रंग दिलेला. निखिलचंही तेच मत. आई शेंगा सोलत बसली. मग म्हणाली, “एक तारखेला ये. तेव्हा बोलू.”

गेले. ताम्हन मांडलेलं, पाट दोनच. उल्हास नदीचा दक्षिण तीर कोण म्हणणार, म्हणून दोघी क्षणभर नुसत्याच बसलो. मग आईने हातात पाणी घेतलं. म्हणाली, “वर्षभर माझ्यापुरता रोज ताजा स्वयंपाक करीन आणि पूर्ण ताट वाढून घेऊन जेवीन. मीठ, लिंबू, कोशिंबीर, सगळं. हे मोडलं तर तू सांगशील त्या दिवशी ठाण्याला येईन, तोंडातून ब्र काढणार नाही.” पाणी सोडलं आणि पळी माझ्याकडे सरकवली. “आता तू. वर्षभर ‘आई, आमच्याकडे राहायला ये’ असं म्हणायचं नाही.”

“हे काय गं भलतंच!”

“मग मी माझा नेम कसा पाळू? रोज फोनवर तू मला उचलून न्यायला निघालेली असतेस.”

मी पाणी सोडलं. मनात हिशोब सोपा होता. ही काही फार दिवस टिकत नाही. फार तर शिमग्यापर्यंत.

एका माणसाचा स्वयंपाक ही काय भानगड आहे ते मला तेव्हा कळलं. आईच्या हाताला चौघांचं मीठ माहीत होतं. डाळ कमी घ्यायची, पण मिठाला गेलेला हात आपल्या जुन्या अंदाजानेच उचलायचा. आमटी खारट. मोठ्या कढईत चमचाभर तेलाची फोडणी मोहरी तडतडायच्या आत जळायची. कणीक एका माणसाची भिजवायला घेतली की पाणी जास्त व्हायचं, मग पीठ घाला, मग पुन्हा पाणी, आणि शेवटी गोळा पाहुणे येणार असल्याएवढा. रोज फोनवर तक्रार. “वीणे, चार माणसांचं मी डोळे मिटून करते गं. एकीचं करताना हात कापतात.” मी म्हणायचे, “अगं मग...” आणि जीभ चावायचे. पुढचं वाक्य नेमात अडकलेलं.

पळवाटा मी कमी शोधल्या नाहीत. खाडीवरच्या सूर्यास्ताचे फोटो पाठवायचे. उत्तर यायचं, ‘छान. पण हे नेमात बसत नाही.’ आमच्या सोसायटीत भजनी मंडळ सुरू झालं, ते सहज म्हणून सांगितलं. “सहज सांगितलंस ना? मग सहज ऐकलं,” म्हणाली आणि फोन ठेवला. बाई महाबिलंदर.

मग होळीच्या सुमाराला तिचा आवाज बदलला. रोज नवीन पदार्थ! आज बिरड्याची उसळ केली, आज भरली वांगी, आज अळूवडी. मला वाटलं, जमलं हिला. नवऱ्याला म्हटलंसुद्धा, त्या खोलीत आता तुझं टेबल टाक. आणि एका दुपारी गायकवाड मॅडमचा फोन आला. एरवी त्या मला कधी फोन करत नाहीत.

“वीणा, बोलू की नको असं चाललंय माझं. पण तुझ्या आईचा नेम मोडतोय, आणि तो माझ्यामुळे मोडतोय.”

काय झालेलं, की सुरुवातीला आईची आमटी उरायची. टाकवेना म्हणून डब्यात घालून समोर दिली. मॅडम डबा रिकामा कशा देणार? त्यांनी भाजी भरून परत केला. आयती भाजी आल्यावर आईने दोन पोळ्या लाटल्या आणि त्यावर भागवलं. पण आता तो डबा भरून पाठवायला हवा! म्हणून दुसऱ्या दिवशी तिने गायकवाडांच्या घराला पुरेल एवढी उसळ केली. पुन्हा डबा भरून आला. असं महिनाभर. आई रोज ओट्याशी उभी राहत होती, घाम गाळत होती, पण डब्यासाठी. स्वतः मात्र आलेल्यातलं काहीबाही उभ्या उभ्या खात होती. ताट बिट काही नाही.

“तिचं तिलाही कळलेलं नाही गं,” मॅडम म्हणाल्या. “ती खूश आहे. कोणासाठी तरी करतेय ना.”

ऐकून मला रडूच आलं. कारण हे मोडलं असं मी आईला सांगितलं असतं, तर ती शब्दाला जागून त्याच दिवशी बॅग भरून आली असती. मला हवं होतं ते आपसूक हातात येत होतं. मी मॅडमना विचारलं, काय करू? त्या म्हणाल्या, “तू काही करू नकोस. मी बघते.”

संध्याकाळी आईचा फोन.

“डबा रिकामा परत केला! घासून, पुसून, कोरडा ठणठणीत! एवढ्या वर्षांत असं झालं नाही. काय चुकलं माझं? सून काही बोलली का?”

मी म्हटलं, “असेल काहीतरी.”

“काहीतरी म्हणजे काय? साखरसुद्धा नाही, वीणे!”

आईने समोरचं दार बंद केलं. एकमेकींच्या दारांच्या कड्या सारख्या वाजायच्या तो मजला चिडीचूप झाला. डबा गेला नाही, आला नाही. तिकडे मॅडम मला फोनवर सांगायच्या, “माझ्याही घशाखाली घास उतरत नाही गं. माझ्या आईने बघितलं असतं तर लाटणं फेकून मारलं असतं.” पण बाई हटल्या नाहीत. शेवटी एका सकाळी त्या स्वतःच आईच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, बाहेरच्या जाळीतूनच बोलल्या.

“वहिनी, रागवा खुशाल. पण तुम्ही महिनाभर माझा डबा भरलात. तुमचं ताट कुठाय ते दाखवा.”

आईने दार उघडलं नाही. पण थोड्या वेळाने मला फोन केला, आणि फार हळू बोलली. “त्या खरं बोलल्या गं. मी फसवत होते. स्वतःलाच.” मग म्हणाली, “मोडला ना नेम? तू सांगशील तसं.”

माझ्या घरात पिवळ्या भिंतीची खोली होती. मी लेक म्हणून नाही, कशी कोण जाणे, पण एकदम मॅडमसारखी बोलले. म्हटलं, “मला काय माहीत मोडला की नाही? मी काही बघितलेलं नाही. दुपार व्हायची आहे अजून. आजचा स्वयंपाक केलास का?”

पलीकडून भांड्याचा आवाज आला.

त्यानंतर आई आणि मॅडम, दोघींचं ठरलं, वर्षभर डबा बंद. चहा चालेल, गप्पा चालतील. आईने एक बोटभर कढल्यासारखं लोखंडी भांडं आणलं आणि एक इवलंसं पातेलं. निखिल त्याला भातुकली म्हणायचा. हात हळूहळू शिकला. गणपतीत ती चार दिवस माझ्याकडे आलेली, तर तिथेही माझ्या गॅसच्या एका शेगडीवर हिचं पातेलं. मी म्हटलं, “अगं, घरात एवढा नैवेद्याचा स्वयंपाक झालाय!” तर म्हणाली, “तो गणपतीचा. हा माझा.” माझ्या सासरची माणसं बघत राहिली. मला शरमही वाटली आणि मनातून गंमतही.

त्याआधी, श्रावण असेल किंवा त्याच्या आसपास, एकदा मी न सांगता डोंबिवलीला गेलेले. आतलं दार उघडं, जाळीचं दार लावलेलं. आई जेवत होती. टेबलावर ताट, डाव्या बाजूला मीठ, लिंबाची फोड, काकडीची कोशिंबीर. वरणभातावर तूप. रेडिओ बारीक लावलेला. तिने आमटीचा भुरका मारला, मान हलवली आणि स्वतःशीच म्हणाली, “हं. आज जमलीय.” मी घंटी वाजवायला उचललेला हात खाली घेतला. जिने उतरून नाक्यावर गेले, उगाच एक चहा घेतला, आणि ती जेवून उठली असेल अशा बेताने परत आले. आयुष्यात मी आईला अशी बसून जेवताना बघितलंच नव्हतं. आमच्या पंगतीत ती कायम वाढणारी. आम्ही उठल्यावर खरवडलेल्या पातेल्यातलं घेऊन ओट्यालाच टेकून खायची. ती जेवताना कशी दिसते, हे मला तोवर माहीत नव्हतं. छान दिसते.

संकल्पांचं नवल मला तेव्हापासून वाटतं. आपण वजन, झोप, व्यायाम असं काय काय ठरवतो, सगळं स्वतःला दुरुस्त करायला. आईने दुरुस्त काही केलं नाही. आपल्याच घरी आपण पाहुणी म्हणून जायचं आणि मान राखून घ्यायचा, एवढंच. यासारखं कठीण काही नसावं. मी अजून शिकतेय. मुलगी बंगळुरूला गेल्यापासून नवऱ्याच्या टूरच्या दिवसांत माझाही हात टोस्टच्या पाकिटाकडेच जातो. मग आईचा फोन येतो, “काय केलंस आज?” आता प्रश्न तिचे असतात.

वर्ष फिरून आलं. एक जानेवारी. आदल्या दिवशी आईचा फोन, “उद्या उद्यापन. या वेळी पूर्ण झाल्याचं. तू जेवून ये.”

जेवून? माहेरी जेवून जायचं? माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. पण गेले. दार उघडलं तर घरभर वेलदोड्याचा, जायफळाचा वास. पुरण! मी ओट्याकडे धावले. इवल्या पातेल्यात वाटीभर कटाची आमटी. ताटलीत दोन पुरणपोळ्या. दोनच. एका माणसासाठी जगात कोणी पुरण घालतं का हो? आई काठापदराची साडी नेसून टेबलाशी बसली होती. पान मांडलेलं, बाजूला रांगोळीची दोन बोटं.

“मॅडम?”

“त्या कोरेगावला गेल्यात. उद्या त्यांच्याकडे पुरणाचा डबा जाणार, भरपूर. आज नाही. आज तू वाढायचंस.”

“आणि मला?”

“तुला जेवून ये म्हटलं होतं.”

खरं सांगते, आधी लागलं मला. आई जेवतेय आणि लेकीला विचारत नाही, असं कुठे असतं? पण मी पदर खोचला आणि वाढायला लागले. पोळी वाढली, वर तुपाची धार धरली. ती सावकाश जेवत होती. मी कटाची आमटी वाढली, तिने बोटाने वाटी पुढे सरकवली, “हात आखडू नकोस.” पन्नाशी उलटली तरी मी तिला कधी असं वाढलं नव्हतं, आणि तिने कधी असं मागून घेतलं नव्हतं. माझे डोळे भरून आले म्हणून मी तुपाच्या भांड्यात बघत राहिले. बांगड्या आता तिच्या मनगटावर बसत होत्या.

दुसरी पोळी वाढताना आठवलं, आज माझाही नेम सुटला. वर्षभर जिभेवर धरून ठेवलेलं ते वाक्य आता म्हणायला मी मोकळी होते. म्हणायला हवं होतं असंही नाही, पण विचारल्याशिवाय राहवेना.

“आई, आमच्याकडे राहायला येतेस?”

तिने घास संपवला. पाणी प्यायली.

“येईन गं चार दिवस. पण राहायला कशी येऊ? इथे रोज एक माणूस जेवायला असतं.”

“कोण?”

“मी,” आई म्हणाली. “तूप वाढ.”